गोळ्यांची पिशवी घेऊन या

प्रश्न थोडक्यात असा : वय ५२, घर मुलुंडला, नोकरी फोर्टमध्ये. गेले सात-आठ महिने ओळखीच्यांची नावं आठवत नाहीत, स्वयंपाकघरात कशाला आले ते विसरते, मीटिंगमध्ये ऐन वेळी शब्द सापडत नाही. गॅस बंद केला की नाही या शंकेनं दोनदा लोकलमधून उतरून घरी परत गेले. आई ७८ वर्षांची, गिरगावात भावाकडे असते. ती हल्ली तेच तेच विचारते, टीव्ही मोठ्यानं लावते, मागच्या महिन्यात तिनं भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले. आजीला शेवटी म्हातारचळ लागला होता. हे आमच्या घराण्यात आहे का? बदाम, ब्राह्मी, सुडोकू, मेंदूच्या गोळ्या, जनुकांची तपासणी, एमआरआय, यातलं काय काय करू?

ताई, एका पत्रात तुम्ही दोन केसपेपर घातलेत. तुमचा आधी घेते, तो लवकर आटपेल. आईचा लांबेल.

गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही, याला मी विसरणं म्हणतच नाही. हातानं नॉब फिरवला तेव्हा डोकं आठ-बाराच्या लोकलमागे धावत होतं, त्यामुळे त्या क्षणाची नोंदच झाली नाही. जे आत गेलंच नाही ते बाहेर काय येणार? दोन्ही वेळा तुम्ही भांडुपला उतरून घरी गेलात आणि गॅस बंदच होता, हेही तुम्हीच लिहिलंय, वारासकट. आपलं विसरणं ज्याला इतक्या बारकाईनं आठवतं त्याच्याबद्दल मी सहसा निर्धास्त असते. नावांचंही तेच. चाळिशीनंतर विशेषनामं उशिरा यायला लागतात. 'तो गं, ठाण्याला राहतो, ज्याच्या मुलीच्या लग्नातली अळूची भाजी तुला आवडली होती' इतकं सगळं येतं आणि नाव तेवढं अडतं. मग रात्री ओटा पुसताना अचानक येतं. म्हणजे ते जागेवर होतं, काढायला वेळ लागला एवढंच.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता टाकली आहे : पाळी वर्षभर मागेपुढे होतेय आणि रात्री घामानं जाग येते. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत शब्द न सापडणं, लक्ष न लागणं ही तक्रार घेऊन कितीतरी बायका येतात, आणि बहुतेकींच्या मनात तुमच्यासारखीच धास्ती असते. इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकाचा संबंध फक्त गर्भाशयाशी नाही, मेंदूतल्या आठवणींच्या भागांशीही आहे. ते वरखाली व्हायला लागलं की हा गोंधळ होतो, आणि पाळी पूर्ण थांबून शरीर स्थिरावलं की बहुतेकींचा बराचसा निवळतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे मोकळेपणानं सांगा. रात्रीच्या घामावर उपाय आहेत.

त्यात तुमची झोप. साडेअकराला पाठ टेकायची, पावणेपाचला डब्यांसाठी उठायचं, मध्ये दोनदा जाग. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर अनेक वर्षं चाललेला व्हाइटहॉल नावाचा अभ्यास आहे. पन्नाशी, साठी आणि सत्तरीत सातत्यानं सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे डिमेन्शियाचं, म्हणजे रोजची कामंही अडवणाऱ्या विस्मरणाच्या आजाराचं, प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त आढळलं, असं त्यातून २०२१ साली पुढे आलं. घाबरवायला सांगत नाही. सकाळचे डबे कोणी करायचे याचा घरात एकदा निकाल लावा, म्हणून सांगते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, शुगर, कोलेस्टेरॉल आणि बीपी एवढं तपासून घ्या. एमआरआय तुम्हाला आत्ता नको.

मी सावध होते ते विसरणं निराळं दिसतं. एक बाई चाळीस वर्षं होळीला पुरणपोळ्या करत आल्या होत्या. त्या वर्षी डाळ शिजवली, कट काढला, गूळ चिरून ठेवला आणि पुढे काय ते सुचेना. तशाच ओट्याशी उभ्या. सुनेला वाटलं, दमल्या असतील. नंतर आठवलं की आदल्या गणपतीत त्यांनी उकडीच्या पाण्याला आधण आणलं होतं आणि पीठ न घालताच झाकण ठेवून वाट बघत बसल्या होत्या. हातात बसलेलं, पायरीपायरीनं करायचं काम मध्येच तुटायला लागलं की मी कान टवकारते. बँकेचा फॉर्म, नेहमीच्या रस्त्यावरचं वळण, पत्त्यातला रमीचा डाव, सोसायटीचा हिशेब, सगळं यात आलं.

दुसरी खूण तपासणीच्या खोलीत दिसते. मी आजोबांना विचारते, "सकाळी काय खाल्लंत?" आजोबा हसतात आणि मान वळवून आजींकडे बघतात. "ही सांगेल." पुढचा प्रश्न, पुन्हा मान वळते. माणूस इतक्या सराईतपणे हे करतो की घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. मी पहिल्या पाच मिनिटांत मान किती वेळा वळली ते मनात मोजत असते. आणि तक्रार कोण करतंय तेही बघते. तुम्ही स्वतः तक्रार केलीत, तुमच्या नवऱ्याला काहीच वेगळं जाणवलेलं नाही. खऱ्या आजारात पुष्कळदा उलट असतं : घरचे हवालदिल, आणि माणूस म्हणतो, मला काय धाड भरली आहे?

एका निवृत्त मोटरमनना मी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. गोल छान काढला. मग बारा, एक, दोन, तीन असे सगळे आकडे उजव्या अर्ध्यातच दाटीवाटीनं बसवले. डावी बाजू कोरी. काटे काढताना एक अकराकडे आणि दुसरा सरळ दहाच्या आकड्याकडे, कारण मी 'दहा मिनिटं' म्हटलं होतं. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बरोबर आहे ना?" ज्यांची सगळी नोकरी सेकंदांच्या हिशेबात गेली, त्यांच्या पत्नी शेजारी बसून तो कागद बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

आता आई.

पहिल्यांदा तो 'म्हातारचळ' शब्द बाजूला ठेवा. या शब्दानं फार नुकसान केलंय, कारण त्यात वय झालं की हे होणारच असं गृहीत आहे. साठीपुढच्या भारतीयांवरच्या देशव्यापी अभ्यासातून २०२३ साली आलेला डिमेन्शियाचा अंदाज आहे ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. आकडा मोठा आहेच. पण त्याचा अर्थ असाही होतो की साठी उलटलेल्या शंभरांतल्या ९२ जणांना हा आजार नाही. त्यामुळे तेच तेच विचारणं आणि दोनदा पैसे देणं हे 'वयामुळे' म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि लगेच अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, म्हणून रडतही बसायचं नाही.

पहिल्या भेटीला मी सगळ्यांना एकच सांगते : घरात आहेत तेवढ्या गोळ्या एका पिशवीत भरून आणा. चिठ्ठी नको, पिशवी. डॉक्टरांनी दिलेल्या, केमिस्टनं दिलेल्या, शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून घेतलेल्या, सगळ्या. चिठ्ठीवर पाच औषधं असतात, पिशवीत दहा-अकरा निघतात. एका आजींची पिशवी मी टेबलावर उलटी केली तेव्हा काय काय पडलं ते सांगते. बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावानं, दोन्ही चालू. शुगरसाठी मेटफॉर्मिन. 'जेवणाआधीची' म्हणून पॅन्टोप्राझोल, कधीपासून ते कुणालाच माहीत नाही. लघवी थांबत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन. नाक गळतं म्हणून रोज रात्री सर्दीची जुनी गोळी, क्लोरफेनिरामिनवाली. आणि स्टीलच्या छोट्या डबीत, कापसाखाली, अल्प्राझोलम ही झोपेची गोळी. आजोबा गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिलेली, नऊ वर्षं झाली.

आता याचा आठवणीशी संबंध बघा. मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन आठवण नोंदवण्याच्या कामी येतं. अल्झायमरमध्ये तेच कमी पडतं, आणि आम्ही लिहून देतो ती डोनेपेझिल ते टिकवून धरायला. सर्दीची ती जुनी गोळी, लघवीची गोळी, पोटात कळ आली की घेतली जाणारी डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही सगळी त्याच रसायनाच्या वाटेत आडवी येतात. मी असे केसपेपर पाहिलेत की एका डॉक्टरनं डोनेपेझिल सुरू केलेली आणि दुसऱ्यानं ऑक्सिब्युटिनिन. एकानं नळ सोडायचा, दुसऱ्यानं बूच लावायचं. अल्प्राझोलम वेगळ्या वाटेनं तेच करते, शिवाय रात्री मोरीपर्यंत जाताना तोल घालवते. मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतली की बी१२ घटतं, आणि माणूस शाकाहारी असेल तर आधीच कमी असतं. बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं, मग आजी गुंगल्यासारख्या वागतात. त्या आजींच्या चार गोळ्या काढल्या, बी१२ ची इंजेक्शनं दिली. तीन महिन्यांनी त्या मला माझ्याच साडीचा रंग मागच्या वेळी कोणता होता ते सांगत होत्या. सगळ्यांचं असं होत नाही, पण काय होऊ शकतं ते कळावं म्हणून सांगितलं.

एक मात्र कृपा करून ध्यानात ठेवा : झोपेची गोळी वाचून-ऐकून एकदम बंद करायची नाही. इतक्या वर्षांची सवय अचानक तोडली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांच्या हिशेबानं उतरवतात.

किती दिवसांत बिघडलं, हेही भावाला विचारा. वर्ष-दोन वर्षांत हळूहळू असेल तर ओपीडी. दोन दिवसांत माणूस बदलला, रात्री बडबड, दिवसा गुंगी असं असेल तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी; लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम यांपैकी काहीतरी निघतं. आई मध्यंतरी घसरून पडली होती का? पडल्यावर तीन-चार आठवड्यांनीही कवटीच्या आत हळूहळू साठलेलं रक्त डोकं वर काढतं, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर. चाल बदलली आहे का, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, आणि जोडीला लघवीवर ताबा नाही? मग मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढलेलं असू शकतं. ते सीटी स्कॅनमध्ये कळतं आणि निवडक रुग्णांत नळी टाकून खूप फरक पडतो. म्हणून तुम्हाला नको म्हटलेलं स्कॅन आईला मात्र लागेल.

आणि टीव्हीचा आवाज. तुम्ही हे एका वाक्यात उरकलंय, मी त्याच्यावर थांबणार आहे.

ज्याला नीट ऐकू येत नाही तो तेच तेच विचारतोच. पहिल्यांदा सांगितलेलं अर्धंच पोचलेलं असतं. चाळीतली खोली, खाली रस्ता, वर पंखा, कुकरची शिट्टी, आणि नातू तोंड फिरवून पुटपुटतो. सगळी शक्ती शब्द पकडण्यात गेली की ते साठवायला काय उरणार? हळूहळू माणूस बोलणंच कमी करतो. लग्नाला जात नाही, कट्ट्यावर बसत नाही, "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून खोलीत राहतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे बदलता येण्यासारखे १४ धोके मांडले. त्यात बहिरेपणा आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल या दोघांचा वाटा सगळ्यात मोठा, प्रत्येकी ७ टक्के. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका चाचणीत ७० ते ८४ वयाच्या लोकांना तीन वर्षं श्रवणयंत्रं देऊन पाहिली. सगळ्यांची सरासरी काढली तर फरक दिसला नाही, पण आधीपासून जास्त धोका असलेल्यांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. हे दोन्ही सांगायला हवं. जाहिरातवाले फक्त दुसरं सांगतात.

आधी कान साफ करून घ्या. हसू नका, नुसता मळ निघून 'डिमेन्शिया' बरा झालेला मी पाहिलाय. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, ती याच कामासाठी. मशीन लागलं तर ते कपाटात जाणार नाही एवढं बघा. पहिले काही आठवडे सगळेच वैतागतात, भांड्यांचा आवाजही डोक्यात जातो. दिवसातून एक-दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी गप्पा मारत सवय लावा.

बीपीबद्दल थोडक्यात, पण हलक्यात घेऊ नका. वरचा आकडा १४० च्या ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं उद्दिष्ट धरलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सौम्य विस्मरणाचं प्रमाण १९ टक्क्यांनी घटलं, २०१९ ची गोष्ट. २०२५ मध्ये चीनच्या ३२६ खेड्यांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवरचे निष्कर्ष आले : बीपी कसोशीनं आटोक्यात ठेवल्यावर डिमेन्शियाच १५ टक्क्यांनी कमी. तुमच्यासाठी हे आईपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, कारण पन्नाशीतलं बीपी सत्तरीत वसूल होतं. आईचा आकडा किती खाली न्यायचा हे मात्र तिचे डॉक्टर ठरवतील. ७८ व्या वर्षी फार उतरलं तर चक्कर येऊन पडणं हा वेगळाच उपद्व्याप. शुगर, सिगारेट, रोजचं चालणं हे तुम्हाला माहीत आहे, पुन्हा सांगत नाही.

'घराण्यात आहे का' याचं उत्तर : एका जनुकाच्या दोषानं पिढ्यान् पिढ्या जाणारा अल्झायमर असतो, पण तो एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत, आणि तो सहसा साठीच्या आत सुरू होतो. तुमच्या आजीला ऐंशीनंतर लागला. उरलेल्यांत एपीओई-४ नावाचा जनुकप्रकार धोका वाढवतो, एका पालकाकडून आला असेल तर साधारण दोन-तीन पट. पण तो असून आजार न झालेले आहेत आणि नसून झालेलेही आहेत. तपासून तुम्ही वेगळं काय करणार? बीपी, झोप, कान, चालणं हेच. रक्तातून अल्झायमरची खूण ओळखायची चाचणी अमेरिकेत मे २०२५ मध्ये मंजूर झाली, तीही ५५ च्या पुढच्या आणि लक्षणं असलेल्यांसाठी. तब्येत ठणठणीत असताना ती करून घेणं म्हणजे विकतची झोपमोड.

बदाम खा, चांगले लागतात. भिजवून सोलून खाल्लेत म्हणून नावं आठवणार नाहीत. जिन्को नावाच्या झाडाच्या अर्काच्या गोळ्या 'मेमरी'च्या नावाखाली खपतात; ७५ च्या पुढच्या तीन हजारांवर लोकांना सुमारे सहा वर्षं देऊन २००८ मध्ये पाहिलं, काही उपयोग झाला नाही. ब्राह्मीच्या तेलानं डोकं थंड वाटत असेल तर लावा. सुडोकूनं माणूस सुडोकूत पटाईत होतो. त्यापेक्षा मला हैदराबादचा २०१३ चा अभ्यास आवडतो. डिमेन्शिया झालेल्या ६४८ जणांत, ज्यांना एकाहून जास्त भाषा येत होत्या त्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा लागला होता, आणि न शिकलेल्यांतही हा फरक दिसला. तुमची आई घरात मराठी, बाजारात हिंदी, समोरच्या बेनशी गुजराती बोलत आली आहे. यावरून मी तिला विमा उतरवल्याचं सर्टिफिकेट देणार नाही, पण ते समोरचं दार उघडं राहील असं बघा. कान बिघडल्यावर पहिलं तेच बंद होतं.

आता या महिन्यात करायचं ते. गिरगावातून नायर आणि जे. जे. दोन्ही जवळ आहेत, दोन्हीकडे न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे. खासगी न्यूरॉलॉजिस्टकडे गेलात तरी तपासण्या त्याच. तुम्ही एकट्या नेऊ नका, वहिनींना बरोबर घ्या, कारण आईबरोबर चोवीस तास त्या असतात आणि त्यांना माहीत असलेलं तुम्हाला आणि भावाला माहीत नसतं. वहिनींना आधीच सांगा : काय विसरली, कोणत्या तारखेला, आधी ते काम कसं करायची, हे वहीत दोन-दोन ओळींत लिहून ठेवा. आईसमोर हा पाढा वाचायचा नाही. तिला बाहेर बाकावर बसवून वही माझ्यासारख्याच्या हातात द्यायची.

घरात एक खेळ ताबडतोब बंद करा. पाहुणे आले की "ओळख बघू मी कोण?" हा. तिला आलं तर काही मिळत नाही, नाही आलं तर दिवसभर ती गप्प होते. त्याऐवजी येणाऱ्यानंच म्हणायचं, "मावशी, मी दादरचा, सुमनचा मुलगा." तेच पाचव्यांदा विचारलं तर पाचव्यांदा उत्तर द्या, "आत्ताच सांगितलं ना" हे वाक्य तिच्यापर्यंत फक्त आवाजाच्या पट्टीतून पोचतं. भाजीच्या पाकिटात थोडेच सुटे ठेवा, भाजीवाल्याला भाऊ एकदा विश्वासात घेऊन सांगू देत. तो परत करेल, तिला चाळीत चाळीस वर्षं ओळखतात. बाहेर एकटी जात असेल तर पदराला किंवा पर्समध्ये भावाचा नंबर. हल्ली क्यूआर कोडची लॉकेटंही मिळतात.

वहिनी थकल्या असतील, हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी धरून चाललेय. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि मन फारच जड झालं तर टेलीमानस, १४४१६. आठवड्यातला एक दिवस तुम्ही गिरगावात जाऊन राहिलात तर त्याहून बरं.

ओपीडीला सकाळी लवकर जा, आईला खायला घालून. बरोबर पिशवी, वही, जुने रिपोर्ट. आणि तिचा चष्मा. घड्याळ काढायला कागद पुढे केला की किती जणांचा चष्मा घरी टीव्हीवर राहिलेला असतो, आणि मग मला कळत नाही की आकडे चुकले ते डोक्यामुळे की डोळ्यांमुळे.